आधी तो बोर्ड बदल

परळी वैजनाथ

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालास, "आई, हाताला जरा चटका बसला, आणि ओव्हन लावलेला एक्सटेन्शन बोर्ड पण थोडा काळा पडलाय." चटक्याचं ऐकून मी गप्प राहिले, पण त्या बोर्डाने रात्रभर डोळा लागू दिला नाही. रागवायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

तुझा ओव्हन १६०० वॅटचा, म्हणजे जवळपास ७ अँपिअर ओढणार. मोबाइलसाठी आणलेला बोर्ड ६ अँपिअरचा. तो तापणार नाही तर काय होईल? सुभाषमामा म्हणाला, भिंतीत १६ अँपिअरचं जाड पिनांचं सॉकेट हवं, अर्थिंग तपासून घेतलेलं. काळा पडलेला बोर्ड पुसून परत वापरू नकोस लेकरा. "काही होत नाही" असं तुझे बाबाही म्हणायचे.

पंधरा केकची ऑर्डर मिळाली, हे मी गल्लीत घरोघर सांगून आले. आत्यालाही कळवलं. ती काही बोलली नाही, पण फोन ठेवला नाही लवकर.

तुला आठवतं का, दिवाळीआधी आपण मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत जायचो? नंबर लागायला रात्रीचे दोन वाजायचे. तू डब्यावर डोकं टेकून झोपायचास. लाकडावरची ती भट्टी एकदा तापली की त्याच धगीवर साऱ्या गल्लीची नानखटाई निघायची. बेकरीवाले चाचा लांब फळीने पत्रे आत सरकवायचे आणि कुणालाही दार उघडू द्यायचे नाहीत. "धग जाती," म्हणायचे. पहाटे भट्टी निवत आली की उरलेल्या उबेत टोस्ट वाळायला लावायचे. तू पाठवलेल्या ओव्हनशी मीही तसंच वागते. तापवायला दहा मिनिटं पुरतात. एकदा तापला की शेंगदाणे, रवा, बिस्किटं सगळं पाठोपाठ उरकते. बिस्किटं होत आली की पाच मिनिटं आधीच बटण बंद करते, उरलेल्या धगीत ती होतात. आत बघायचं तर काचेतूनच बघते. तूही पंधरा केक चार दिवसांत विखरू नकोस, एका दिवशी ओळीने लाव. आणि दोन पोळ्या गरम करायला ओव्हन लावत जाऊ नकोस, तवा आहे ना.

बिलासाठी म्हणत नाही मी. कोळशावरची वीज आपल्या दारात तयार होताना आपण बघितलीय. आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०१३ साली खडका धरण आटलं आणि इथलं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद पडलं, तेव्हा आपण टँकरच्या रांगेत घागरी धरून उभे होतो. विजेलाही पाणी लागतं हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. त्यानंतर रिकामा तापत असलेला ओव्हन मला बघवत नाही.

फार बोलले. माफ कर. तू मोठा झालास, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण गरम पत्रा ओल्या फडक्याने धरू नकोस. पाण्याची वाफ होते आणि कोरड्यापेक्षा जास्त भाजतं. काल तेच झालं ना? भाजलं की लगेच नळाखाली वीस मिनिटं हात धर, टूथपेस्ट लावू नकोस. ओव्हन पडद्यापासून लांब ठेव, मागे चार बोटं नाही, चांगली वीतभर जागा सोड. खालच्या पत्र्यावर सांडलेलं तूप, चुरा रोज पुसत जा, पण निवल्यावर. आतल्या कशाने पेट घेतला तर दार उघडू नकोस, पाणी तर मुळीच नको. भिंतीवरचं बटण बंद कर, आग आतच विझते. म्हणून तर ते बटण भिंतीवर, हाताशी हवं. बोर्ड खाली ओव्हनच्या मागे लोंबकळत असला तर धुरात कुठे शोधशील?

घरमालक सॉकेटला नाही म्हणाले तर वायरमनचे पैसे मी पाठवते. त्यांना माझा नंबर दे, मी बोलते नीट. सॉकेट बसेपर्यंत ऑर्डर पुढे ढकल. गिऱ्हाईक थांबतं, ओंकार.

रविवारी सुभाषमामा पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर लोणचं आणि ज्वारीचं पीठ देतेय. तो बोर्ड बघणारच आहे, तेव्हा आधीच काढून टाक.

हाताला फोड आला का, ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी,
आई