केस वाळवून बाहेर पड

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, दिवाळीला येईन, पण गोठ्यात लगेच जाणार नाही. लाळ्या-खुरकूत या गुरांच्या रोगावर काम करणाऱ्यांनी काही दिवस जनावरांजवळ फिरकायचं नाही, हा तुझ्या इंग्लंडमधल्या पिरब्राइट संशोधन संस्थेचा नियम. आई फणकारली, "पाडव्याला सगळं बेळगाव म्हशी पळवणार आणि हिने माडीवरून बघायचं?" मी तिला समजावलं. 2007 साली त्याच आवारातून विषाणू निसटला होता, नियम कडकच हवेत. पण लॅबमधून निघताना दर वेळी डोक्यावरून अंघोळ? त्या थंडीत? केस वाळवतेस ना?

असो. लिहायचं होतं तुझ्या कामाबद्दल. लंपीच्या वर्षी तांबू गेली तेव्हा तू बॅटरी धरून तिच्या अंगावरची एकेक गाठ अंगठ्याने दाबून बघत होतीस. कुठली आधी उठली, कुठली फुटली, सगळं वहीत. मला तेव्हा राग आला होता, गाय मरतेय आणि पोरगी लिहीत बसलीय. ती वही अजून माळ्यावर आहे.

आजी बुळकांडीचं, त्या गुरांच्या जुन्या साथीचं, नाव निघालं की कानाला हात लावायची. तो रोग 2011 मध्ये जगातून गेला. लस एकदा टोचली की जनावराला जन्मभर पुरायची. लाळ्याचे मात्र सात प्रकार, आणि लस सहा महिन्यांत ओसरते. ती का ओसरते हे आमची सोनू शोधते, असं मी खानापूरच्या बाजारात सांगत सुटतो. मग कुणीतरी म्हणतो, "लस दिली की दूध कमी होतं, आम्ही नाही टोचून घेत." की माझं भाषण सुरू.

तुझ्यापुढेही तेच करतो. साहेबांशी वाद घालू नकोस, वेळेवर जेव, कन्नड विसरू नकोस, पुढच्या नोकरीचं आत्तापासून बघ. राहू दे, चुकलं. एवढं शिकलीस ती काय मला विचारून?

पण तिसरीत पावसात भिजून न्यूमोनिया झालेला मी विसरलो नाही. ओल्या केसांनी बस स्टॉपवर उभी राहू नकोस.

बेंगळुरूहून रात्रीची रेल्वे घेणार की विमान, ते कळव. स्टेशनवर गाडी घेऊन येतो. गाडी धुऊन ठेवीन, वैरणीचे भारे त्यातूनच आणतो ना. आणि तिथे हेअर ड्रायर नसेल तर सांग, पैसे पाठवतो.

तुझे
बाबा