सोडून दिलेला रणगाडा दुसऱ्या दिवशी कोणाचा असतो? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

टी-७२ रणगाड्यांची जागा घेणाऱ्या एफआरसीव्ही (फ्यूचर रेडी कॉम्बॅट व्हेइकल) या नव्या रणगाड्याच्या प्रकल्पाला संरक्षण खरेदी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये पहिली मान्यता दिली. त्याआधी दोनच महिने जोरावर हा हलका रणगाडा लोकांसमोर आला होता. तेव्हापासून या दोन्ही गाड्यांविषयी जे जे छापून येते ते मी बारकाईने वाचत आलो आहे. तोफेचा पल्ला, चिलखत, इंजिनाची अश्वशक्ती, ड्रोनपासूनचा बचाव, देशी सुट्या भागांचे प्रमाण या सगळ्यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र एक प्रश्न माझ्या वाचनात एकदाही आला नाही. ही गाडी धडधाकट असताना, टाकीत डिझेल आणि तोफेच्या फिरत्या बुरुजात गोळे असताना शत्रूच्या हाती पडली तर तो तिचे काय करील, आणि त्याला ते करता येऊ नये म्हणून गाडी बांधतानाच आपण काय करून ठेवणार आहोत? सैन्याच्या दुरुस्ती शाखेत माझी सव्वीस वर्षे रुतलेल्या आणि बंद पडलेल्या चिलखती गाड्या ओढून आणण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

रणगाडा गमावण्याचे दोन प्रकार आहेत. जो जळून जातो तो आपल्या संख्येतून एकाने कमी होतो. जो चिखलात रुतून, पट्टा तुटून किंवा डिझेल संपून मागे राहतो आणि ज्याच्यापर्यंत रात्रीच्या अंधारात शत्रूची ओढगाडी आपल्याआधी पोहोचते, तो आपल्याकडे एकाने कमी होतो आणि समोर एकाने वाढतो. माझ्या पाहण्यातल्या कागदांवर ही दोन्ही नुकसाने एकाच रकान्यात लिहिली जात, आणि माझी मूळ तक्रार हीच आहे.

हे काही आजचे नाही. रणगाडा प्रथम रणांगणावर आला तो सप्टेंबर १९१६ मध्ये, आणि त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत तो शत्रूच्या कारखान्यात उभा होता. २० नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटिशांनी फ्रान्समधील कांब्रे येथे चारशेहून अधिक रणगाडे पुढे घातले. दहा दिवसांनी जर्मनांनी प्रतिहल्ला करून गेलेली बरीचशी जमीन परत घेतली आणि जमिनीबरोबर तिच्यावर बंद पडून राहिलेले मार्क ४ रणगाडेही त्यांना मिळाले. बेल्जियममधील शार्लरुआजवळ त्यांनी दुरुस्तीचा कारखाना मांडला. दोन-तीन मोडक्या गाड्यांचे भाग एकत्र करून तेथे एक चालती गाडी उभी केली जाई. ब्रिटिश सहापौंडी तोफा उतरवून त्यांच्या जागी बेल्जियमकडून पाडाव केलेल्या ५७ मिमीच्या तोफा बसवल्या गेल्या, लुइस मशीनगनच्या जागी जर्मन मशीनगन आल्या, आणि शेवटी आपल्याच लोकांनी गोळे घालू नयेत म्हणून अंगावर मोठे काळे क्रॉस रंगवले गेले. संपूर्ण युद्धात जर्मनीने स्वतःचे ए७व्ही रणगाडे बांधले ते फक्त वीस. तिने लढाईत उतरवलेल्या रणगाड्यांत पाडाव केलेले अधिक होते, याचा अर्थ तिच्या रणगाडा दलाचा मोठा वाटा ब्रिटनच्या कारखान्यांनीच पुरवला होता. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी कांब्रेच्याच परिसरात ब्रिटिश चालकांना समोरून येणारे मार्क ४ प्रथम आपलेच वाटले, आणि खरी ओळख उशिराच पटली.

दुसऱ्या महायुद्धात या कामाचा रीतसर उद्योग झाला. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हाती आलेल्या लोरेन या पट्ट्यांच्या वाहतूकगाडीवर जर्मनांनी ७५ मिमीची रणगाडाविरोधी तोफ चढवली, हॉचकिस रणगाड्यांचे बुरूज काढून त्यांच्याही तोफगाड्या केल्या, आणि चार वर्षांनी, १९४४ च्या उन्हाळ्यात, नॉर्मंडीत २१ व्या पँझर डिव्हिजनने त्या फ्रान्सच्याच भूमीवर दोस्त सैन्याविरुद्ध वापरल्या. मला या सर्वांत अधिक विचार करायला लावते ती मार्डर ३ या जर्मन तोफगाडीची पहिली आवृत्ती. तिचा सांगाडा चेकोस्लोव्हाकियाच्या हलक्या रणगाड्याचा होता, कारण तो देश आणि त्याचे कारखाने १९३९ मध्येच गिळले गेले होते. तिची तोफ ७६.२ मिमीची सोव्हिएत तोफ होती, १९४१ मध्ये शेकड्यांनी हाती लागलेली. तोफ आहे तशी वापरण्यावर जर्मन अभियंते थांबले नाहीत. त्यांनी तिचा दारूकोठा कोरून मोठा केला, म्हणजे अधिक दारूचे जर्मन काडतूस त्यात बसेल आणि गोळा मूळ मालकाच्या हातात असतानापेक्षाही जोराने सुटेल. पाडाव झालेले हत्यार आपल्या हातात होते त्याहून धारदार होऊन परत येऊ शकते, ही गोष्ट मी प्रशिक्षणात कोणाकडूनही ऐकली नव्हती. सोव्हिएत बाजूही गप्प बसली नाही. स्टालिनग्राडनंतर साठलेल्या जर्मन पँझर ३ च्या सांगाड्यांवर स्वतःची ७६.२ मिमीची तोफ बसवून तिने १९४३ मध्ये सुमारे २०० एसयू-७६आय तोफगाड्या तयार केल्या. आफ्रिकेच्या वाळवंटात तर जर्मन सेनापती रोमेल स्वतः ब्रिटिशांकडून मिळालेल्या चिलखती कमांडगाडीत बसून मोहीम चालवत असे.

येथे तोफेच्या मापाचा मुद्दा येतो आणि तो आपल्या सीमेशी थेट जोडलेला आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलला अरब सैन्यांचे टी-५४ आणि टी-५५ रणगाडे मोठ्या संख्येने मिळाले. त्यांची तोफ १०० मिमीची आणि तिचे गोळे इस्रायलच्या कारखान्यांत बनत नव्हते, म्हणून जमा केलेला साठा संपल्यावर प्रश्न उभा राहणार हे उघड होते. तेव्हा त्या तोफा काढून १०५ मिमीच्या तोफा बसवल्या गेल्या, मशीनगन आणि वायरलेस संच बदलले गेले आणि तिरान या नावाने ते रणगाडे इस्रायली सैन्यात रुजू झाले. पुढे त्याच जातीच्या सांगाड्यांवरचे बुरूज उतरवून पायदळ नेणारी आखझारीत ही जड चिलखती गाडी घडवली गेली. सप्टेंबर १९६९ मध्ये टी-५५ रणगाडे आणि सैनिक वाहून नेणाऱ्या बीटीआर-५० या पाडाव गाड्यांची एक इस्रायली तुकडी सुएझच्या आखातापलीकडे उतरून काही तास इजिप्तच्या किनाऱ्यावर फिरली, कारण पाहणाऱ्यांना त्या गाड्या ओळखीच्या होत्या. इस्रायलला तोफ बदलण्यासाठी वेळ, कारखाना आणि पैसा लागला. आपल्या पश्चिम सीमेवर तेवढाही अडसर नाही. आपल्या टी-७२ आणि टी-९० ची तोफ १२५ मिमीची आहे, आणि पाकिस्तानच्या टी-८०यूडी आणि अल-खालिदची तोफही १२५ मिमीचीच आहे. अशा शेजाऱ्याच्या हाती आपला रणगाडा पडला तर त्याला नवी तोफ शोधावी लागणार नाही. एफआरसीव्हीची तोफ, तिचे काडतूस आणि नेम धरणारी यंत्रणा ठरवताना हा विचार झाला आहे का, हे मला आपल्याला विचारायचे आहे.

एकसारखी हत्यारे असली की काय होते ते युक्रेनने दाखवले आहे. २०२२ च्या सप्टेंबरात खारकीव्ह प्रांतातून रशियन सैन्य घाईने मागे हटले तेव्हा टी-७२, टी-८० आणि नव्यातला टी-९०एम असे रणगाडे रस्त्यांच्या कडेला उभे राहिले. युक्रेनी सैनिक त्याच जातीच्या गाड्यांवर शिकलेले असल्यामुळे त्यांना नव्याने शिकण्यासारखे थोडेच होते. इराकचे उदाहरण याहून वेदनादायक आहे. जून २०१४ मध्ये मोसुल शहर इस्लामिक स्टेटच्या हाती पडले तेव्हा सैन्याच्या सुमारे २,३०० हम्वी गाड्या गेल्याचे पुढे त्या देशाच्या पंतप्रधानांनीच सांगितले. त्यांतल्या कित्येक गाड्यांत स्फोटके भरून त्या इराकी सैन्याच्याच चौक्यांवर घातल्या गेल्या. त्यांना थांबवणे अवघड होते, कारण गोळ्या अडवण्यासाठी ते चिलखत सैन्यानेच घेतले होते.

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक होते. माघार घेताना तोफ नेता आली नाही तर तिच्या कानात खिळा ठोकायचा, म्हणजे शत्रूला बत्ती देता येत नाही, हा आपल्याकडच्या लढायांच्या वर्णनांत वारंवार येणारा उल्लेख आहे. आधुनिक काळातला नमुनाही आपल्या दारातच आहे. मे १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेणारी ब्रिटिशांची ७ वी आर्मर्ड ब्रिगेड चिंदविन नदीच्या काठी आली तेव्हा तिचे स्टुअर्ट रणगाडे पलीकडे नेण्याची सोय नव्हती. एक रणगाडा कसाबसा पार झाला, बाकीचे सैनिकांनी स्वतःच्या हातांनी निकामी केले. वाचलेला तो एक पुढे बुरूज काढून ७ व्या लाइट कॅव्हलरीची कमांडगाडी म्हणून त्याच ब्रह्मदेशात परतला. आणि ज्या गाड्या वेळेत मोडल्या जात नाहीत त्यांचे काय होते, तेही त्याच आघाडीने दाखवले. जपानच्या १४ व्या रणगाडा रेजिमेंटकडे स्वतःच्या रणगाड्यांबरोबर पाडाव केलेले स्टुअर्टही होते.

आता माझ्या स्वतःच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. वाळवंटातल्या एका सरावात एक रणगाडा ओल्या पट्ट्यात पोटापर्यंत बसला होता. पट्टे फिरत होते, पण गाडी हलण्याऐवजी आणखी खाली जात होती. आमची ओढगाडी पोहोचायला पाच तास लागले, कारण एवढ्या मोठ्या टापूत ती एकटीच चालू स्थितीत होती. आम्ही वायररोप पसरला, शॅकल अडकवले, विंच लावला, आणि त्या ताणलेल्या दोराच्या मागे उभे असताना त्या गाडीचा तरुण गनर माझ्याजवळ आला. "साहेब, ही लढाई असती आणि तुम्ही आला नसता तर आधी काय मोडायचं?" असे त्याने विचारले. मी त्याच्या गाडीच्या कमांडरकडे पाहिले. तो म्हणाला, वायरलेस. ड्रायव्हर म्हणाला, इंजिनाचे तेल सोडून ते जाम करायचे. गनरला स्वतःला ब्रीच ब्लॉक, म्हणजे तोफेचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा, काढून फेकावा असे वाटत होते. एका गाडीतल्या तीन माणसांची तीन उत्तरे होती. आधी नेमाची दुर्बीण आणि ब्रीच मोडायचे, असे मी त्याला सांगितले. ते बरोबर होते, पण अर्धेच होते याची खंत मला आजही आहे.

उरलेला अर्धा भाग असा आहे. प्रत्येक गाडीत तीच वस्तू, त्याच क्रमाने मोडली गेली पाहिजे. दहा रणगाडे मागे राहिले आणि प्रत्येकात वेगळा भाग मोडलेला असेल, तर शत्रू एक गाडी सुट्या भागांसाठी उघडतो आणि नऊ चालू करतो. दहाही गाड्यांत नेम धरण्याची दुर्बीण आणि ब्रीच गेलेले असतील तर त्याच्या हाती दहा लोखंडी पेट्या लागतात. हा क्रम गाडीच्या आत, दिसेल अशा जागी लिहिलेला असावा. अंधारात, जखमी हाताने, दोन मिनिटांत तो पुरा होईल अशी गाडीची रचना असावी, आणि दर वर्षी गोळाबारीच्या सरावाइतक्याच गांभीर्याने तो तपासला जावा. नव्या गाड्यांत हे काम संगणकामुळे सोपेही झाले आहे आणि धोक्याचेही. उष्णतेवर पाहणारी दुर्बीण, नेमाचा संगणक, नकाशे आणि सांकेतिक वायरलेस हे सारे एका कळीने कायमचे पुसले जाऊ शकते, पण ती कळ तपशीलपत्रात मागितली तरच कारखाना बसवतो. मागाहून बसवायची म्हटले की ती कधीच बसत नाही, हे मी दुसऱ्या बाबतींत अनेकदा पाहिले आहे.

ओढगाड्यांबद्दल मला अधिक आग्रहाने बोलावे लागेल. उत्तर आफ्रिकेत रात्री रणांगण ज्याच्या ताब्यात राही त्याला दोन्ही बाजूंचे मोडके रणगाडे मिळत, आणि जर्मनांची ओढपथके लढाई चालू असतानाच पुढे जात. त्याच वाळवंटातल्या लढाया चालू असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी दुरुस्तीसाठी वेगळे दल उभे केले आणि १९४३ मध्ये भारतीय सैन्यातही तसे दल आले, ज्याचा मी अभिमानाने भाग होतो. खरेदीच्या वेळी रणगाडे आधी येतात आणि ओढगाड्या मागाहून, कधी कधी बऱ्याच वर्षांनी येतात. एफआरसीव्हीचे वजन जुन्या ओढगाडीला झेपेल का, आणि झेपत नसेल तर तिची नवी जोडीदार पहिल्याच करारात, पहिल्याच तुकडीबरोबर मिळणार का, याचे उत्तर आजच ठरायला हवे. जोरावर ज्या उंचीवर जायचा आहे तेथे प्राणवायू कमी, रस्ता एकच आणि तोही दरडींचा. तेथे पाच तास आपल्याला कोणी देणार नाही.

आपल्या हाती शत्रूच्या गाड्या आल्या तर त्या वापरायच्या की नाही, याचाही लेखी नियम असावा. पाडाव झालेले लष्करी साहित्य जिंकणाऱ्या राष्ट्राचे होते ही जुनी रीत आहे, पण शत्रूची खूण तशीच ठेवून त्याच्यावर हल्ला करणे वेगळे. १९०७ च्या हेग नियमांनी शत्रूच्या निशाणाचा आणि चिन्हांचा गैरवापर निषिद्ध ठरवला आहे. आपली खूण आधी रंगवावी, मग गाडी पुढे जावी, एवढे आपल्या जवानांना स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच कारणाने, समोरून येणारी टी-९० ची आकृती पाहून ती आपलीच आहे असे मानण्याची सवयही प्रशिक्षणातून काढावी लागेल.

एफआरसीव्हीच्या तपशीलपत्रावर अंतिम सही होण्यापूर्वी आपण संबंधित अधिकाऱ्यांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात अशी माझी विनंती आहे: गाडी सोडावी लागली तर काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात मोडले जाईल, प्रत्येक स्क्वाड्रनमागे किती ओढगाड्या असतील, आणि त्या कोणत्या महिन्यात येतील. त्या गनरने मला प्रश्न विचारला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. या नव्या गाडीत बसणारा गनर आज कदाचित शाळेत असेल. त्याने हा प्रश्न विचारण्याआधी उत्तर त्याच्या बुरुजाच्या आतल्या भिंतीवर लिहिलेले असावे.

आपला नम्र,
भूदलाच्या दुरुस्ती शाखेतील एक निवृत्त सुभेदार