अरुणच्या किडनीविषयी आणि लिव्हरविषयी

कोल्हापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

अरुणला मार डोक्याला लागलेला असताना डॉक्टर रोज किडनीच्या आणि लिव्हरच्या तपासण्या कशासाठी मागवतात, हा तुझा प्रश्न रास्त आहे. काल सीपीआर रुग्णालयात त्याला पाहून आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मेंदूची सूज उतरवण्यासाठी त्याला मॅनिटॉल चालू आहे. ते मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेते आणि किडनीवाटे बाहेर पडते. त्यामुळे सुरुवातीला लघवी भरपूर होते आणि घरच्यांना हायसे वाटते. पण गेलेले पाणी सलाइनने वेळेवर भरून काढले नाही तर रक्तदाब उतरतो, आणि जखमी मेंदूला तेवढेही सोसत नाही. शिवाय मॅनिटॉल फार झाले तर किडनीलाच इजा होते. म्हणून सिस्टर दर तासाला पिशवीतली लघवी मोजून तक्त्यावर लिहितात. साठ किलोच्या माणसाला सलग सहा तास ताशी ३० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर रक्तातले क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढण्याची वाट पाहत बसायचे नसते, कारण ते मागाहून वाढते. उलट पाण्यासारखी स्वच्छ लघवी लिटरच्या लिटर होऊ लागली, तर लघवीवर ताबा ठेवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसल्याची शंका घेऊन रक्तातले सोडियम तपासावे लागते.

लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी हे एन्झाइम वाढल्याचे वाचून तू घाबरलास. पण ते मुका मार बसलेल्या स्नायूंतूनही रक्तात येते, तेव्हा एवढ्यावरून लिव्हर बिघडले असे म्हणता येत नाही. मला अधिक काळजी अल्ब्युमिनची, म्हणजे लिव्हर तयार करते त्या रक्तातल्या प्रथिनाची वाटते. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिनला चिकटून असतो. अल्ब्युमिन घटले की मोकळे औषध वाढते, रक्तातली एकूण पातळी ठीक दिसते आणि रुग्ण मात्र गुंगीत राहतो. ही गुंगी औषधाची की मेंदूची, हे ओळखणे फार महत्त्वाचे आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते ध्यानात घेतले आहे.

अरुण दारू घेत असेल, तर संकोच न करता त्यांना किती आणि कधीपासून ते सांग. लिव्हरचे, रक्त गोठण्याचे आणि झटक्यांचे गणित त्यावर फिरते. गावाकडून कोणी काढा आणला तर नळीवाटे द्यायला सांगू नकोस. घरी सोडल्यावरही अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

वहिनींना धीर दे. रविवारी राउंडच्या वेळी मी तिथे असेन; तोपर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेव.

तुझा,
वसंत