वाफा रिकामा करायची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळा संपतानाच्या बागकामावर लेख होता, त्यात सरळ लिहिलंय की पानगळ सुरू व्हायच्या आत सगळं उपटा, वाफे स्वच्छ करा आणि मोकळे व्हा. मी मागच्या वर्षी नेमकं हेच केलं आणि घरात दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही! सासूबाईंनी बियाण्यासाठी मुद्दाम जून होऊ दिलेली पिवळी काकडी मी खराब समजून वेलासकट टाकून दिली होती, आणि लेकीचा घेवडा पण गेला, तिला त्या वाळलेल्या शेंगा कानाशी धरून खुळखुळ वाजवायच्या होत्या.

मान्य, भुरी (पांढऱ्या पिठासारखी बुरशी) पडलेली पानं काढायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण बाकीच्याला जरा वेळ द्या ना. टोमॅटोचं फूल लागल्यापासून फळ पिकायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात, म्हणजे आता आलेल्या फुलांचं काही होणार नाही, ती आणि शेंडे खुडून टाकले की झाडाची ताकद आहे त्या हिरव्या फळांना मिळते. आणि थंडी आलीच तर ती फळं तोडून घरात आणा, पिकायला ऊन लागतच नाही, कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्यासोबत ठेवली की केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन गॅसने लाल होतात. (आमच्याकडे पिशवी रोज कोण उघडून बघणार यावर भांडण असतं, ते वेगळं.) घेवड्याचं पीक संपलं की झाड उपटू नका, बुंध्याशी कापा, मुळं मातीत कुजू देत.

बी धरायचं काम तर सगळ्या घरानेच करावं असं मला वाटतं. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस थोड्या पाण्यात आंबवायचा, मग बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं, धुऊन सावलीत वाळवायच्या. वास येतो हो, नवरा नाक धरून फिरतो, पण पोरं अगदी रमतात, शाळा सुरू झाल्यापासून संध्याकाळी सगळे एका जागी बसतात ते या निमित्तानेच, एरवी जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. हायब्रीडचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी काय उगवेल त्याचा भरवसा नाही. आणि पाकिटावर नाव नि वर्ष लिहा! सासूबाई म्हणतात मला बघून कळतं, आणि मग भोपळ्याच्या जागी दुधी येतो.

तर पुढच्या पुरवणीत बी कसं धरायचं यावर निदान अर्धं पान द्या, आणि त्या लेखकांना सांगा, आमची पिवळी काकडी यंदा अजून वेलावरच आहे.

आपली,
एक नियमित वाचक