दादा, पेन आईच्या हातात दिलंत त्याबद्दल

दादा, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण काल स्कूटर दारात आली आणि आई कितीतरी वेळ नुसती सीटवरून हात फिरवत उभी होती, तेव्हापासून तुम्हाला लिहायचंच असं डोक्यात होतं.

टीव्हीवरच्या स्पर्धेत आई जिंकली, बक्षीस 90,000 ची स्कूटर, आणि मग फोन आला की आधी टॅक्स भरा मग गाडी. आम्ही घाबरलोच, बक्षिसाच्या नावाने लुबाडणारे असंच बोलतात ना! आधी ज्या सल्लागाराकडे गेलो त्याने फी घेतली आणि म्हणाला, बाईंना उत्पन्न कुठंय, टॅक्स लागतच नाही, भरू नका. सगळं बोलणं माझ्याशी, आईकडे एकदा बघितलं पण नाही. त्याचं ऐकलं असतं तर गाडी तिकडेच अडकून पडली असती.

मग तुमच्याकडे आलो, तर तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "काकू, जिंकल्या तुम्ही ना?" आणि खुर्ची तिच्याकडे वळवलीत. पाठकोऱ्या कागदावर 90,000 लिहून पेन तिच्याच हातात दिलंत, "याचे तीस टक्के काढा." आईने हळूहळू मांडून 27,000 काढले, तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत, मी सांगायला गेले तर मलाही हाताने थांबवलंत. मग सांगितलंत की एवढा टॅक्स आधी भरायचा, अशा जिंकलेल्या बक्षिसाला कमी उत्पन्नाला मिळणारी सूट नाही, बचतीवरची वजावट नाही, येण्याजाण्याचा खर्चही वजा होत नाही, आणि वस्तू असेल तर टॅक्स भरल्याची खात्री करूनच ती द्यायची हे आयकर कायद्यातच आहे, म्हणजे ते लोक खरं तेच सांगत होते. आणि फसवणूक कशी ओळखायची तेही, पैसे कुणाच्या खात्यावर पाठवायचे नाहीत, चलन आईच्या पॅनवर, मग ते तिच्या पॅनच्या सरकारी टॅक्स-नोंदीत दिसलंच पाहिजे.

27,000 आमच्यासाठी थोडे नव्हते दादा, पण भरताना आईला कुणी आपल्याला लुटतंय असं वाटलं नाही, कारण तो आकडा तिने स्वतः काढला होता. समोरच्याला समजू शकतं असं धरून बोलणारी माणसं फार कमी भेटतात हो, शिकलेल्यांत तर अजूनच कमी.

तो कागद तिने गाडीच्या पेपर्सच्या फाईलमध्ये ठेवलाय. रिटर्न भरायला ती येईल तुमच्याकडे, फाईल घेऊन, एकटीच. मला म्हणाली तू येऊ नको.