बाबा, फोनवर बोलायचं राहून गेलं ते

बर्लिन, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, दुपारी फोनवर तुम्ही म्हणालात, "या देशाला पाच वर्षं हुकूमशहाच पाहिजे, मग बघ सगळे कसे सुतासारखे सरळ येतात." मी गप्प बसले, पण फोन ठेवल्यावर काही सुचेना. तुम्हाला उलट बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहिते आहे.

हे तुमच्या तोंडी कुठून आलं ते मला ठाऊक आहे. पतसंस्थेत अडकलेले साडेचार लाख. महिन्यातून दोनदा तिथे जाऊन बसायचं, "साहेब बाहेर गेलेत" ऐकायचं आणि घरी यायचं. दुकानात गिऱ्हाईक येतं, डबा उलटासुलटा करून बघतं, मोबाइलवर कमी भाव दाखवतं आणि निघून जातं. चाळीस वर्षांत ज्याने कुणाचा रुपया बुडवला नाही, त्याचा जीव जळणारच.

मी राहते त्या शहरातही 1931 च्या जुलैत बँकांची दारं बंद झाली होती. आधी एक मोठी बँक बुडाली, मग दोन दिवस सगळ्याच बंद. बाहेर माणसं पासबुकं घेऊन उभी. पुढच्या हिवाळ्यात बेकारांचा आकडा साठ लाखांवर गेला. सरकार पगार आणि बेकारभत्ता कापत होतं. संसदेत बहुमत जमेना, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या सहीने वटहुकूम निघत. म्हणजे हिटलर सत्तेवर यायच्या आधीच संसदेला वळसा घालून कारभार करायची सवय लागली होती. 1928 च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला तीन टक्केही मतं नव्हती. 1932 च्या जुलैत ती 37 टक्के झाली.

मला वाटायचं, ती मतं बेकारांची असणार. पण नोकरी गेलेले कामगार बरेचसे कम्युनिस्टांकडे वळले होते. हिटलरच्या मागे मोठ्या संख्येने गेले ते छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी, कारकून. अजून सगळं गेलेलं नव्हतं, पण जाईल या धास्तीने ज्यांना झोप येत नव्हती, अशी माणसं. बाबा, हे वाचताना मला आपलं दुकान दिसलं.

त्या पक्षाने दुकानदारांना काय कबूल केलं होतं माहीत आहे? 1920 च्या त्यांच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं, की मोठमोठी डिपार्टमेंट स्टोअर्स ताब्यात घेऊन तिथली जागा छोट्या व्यापाऱ्यांना स्वस्त भाड्याने देऊ. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, ऑनलाइनवाल्यांची गोदामं तोडून तुम्हाला गाळे देतो, तर क्षणभर तरी मन हलेल ना? सत्ता आल्यावर ती स्टोअर्स चालूच राहिली, ज्यूंच्या मालकीची तेवढी बळकावली. आणि 1943 मध्ये, युद्धाला उपयोगी नाहीत म्हणून, छोटी दुकानंच हुकमाने बंद करायला लावली. तेव्हा तक्रार कुणाकडे नेणार? 1933 च्या मार्चमध्ये 444 विरुद्ध 94 मतांनी संसदेने आपले अधिकार हिटलरच्या हाती देऊन टाकले होते. कम्युनिस्ट सदस्य आधीच तुरुंगात नाहीतर भूमिगत, सभागृहात गणवेशातले त्याचे लोक उभे. चौऱ्याण्णव माणसांनी तरीही 'नाही' म्हटलं. त्या राजवटीत मारल्या गेलेल्या 96 संसद सदस्यांच्या नावांच्या काळ्या पाट्या संसदेबाहेर एका ओळीत उभ्या आहेत. कामावरून येताना मी कधी कधी तिथे थांबते. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात की दाखवीन.

रोजगार दिला, रस्ते बांधले, हे तुम्ही म्हणाल. बेकारी कमी झाली, खरं आहे. त्यात शस्त्रांच्या कारखान्यांचा वाटा मोठा होता, संप करणं गुन्हा होता, आणि त्या शस्त्रांनी पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणीबाणीचंही तसंच. गाड्या वेळेवर धावत, कारकून दहाच्या ठोक्याला खुर्चीत, हे तुम्ही कौतुकाने सांगता. 1974 मध्ये भाव वर्षात पंचवीस टक्क्यांहून जास्त चढले होते, रेल्वेचा संप झाला होता, माणसं कावली होती. पुढे भाव उतरले त्यात 1975 च्या चांगल्या पावसाचाही हात होता, पण श्रेय दंडुक्याला मिळालं. आई, तू तेव्हा आठवीत होतीस. अण्णांना शाळेतून हुकूम आला, नसबंदीच्या केसेस आणा नाहीतर पगार थांबेल. शिकवायचं सोडून ते वाड्या-वस्त्या हिंडत आणि रात्री ओट्यावर न बोलता बसत, हे तूच मला सांगितलंस. तू ते बाबांसमोर कधी काढत नाहीस. आता काढ. 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि आणीबाणीत लाखाहून जास्त माणसं खटल्याशिवाय डांबली होती.

आणि बाबा, 1975 च्या कराडच्या साहित्य संमेलनात तुम्ही मांडवात होता! दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर, आणि बाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. तुम्ही उभे राहिलात. ही गोष्ट सांगताना तुमचा आवाज बदलतो, लहानपणापासून मी ऐकते आहे. बाईंना पुढे तुरुंगात जावं लागलं. 1977 मध्ये मत देऊन तुम्ही ते सरकार खाली खेचलंत, कारण निवडणूक झाली. जर्मनीत 1933 नंतर लोकांना तशी संधी मिळालीच नाही, बारा वर्षांनी शहराचे ढिगारे झाले तेव्हा ते संपलं.

पतसंस्थेसाठी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या नावे अर्ज मी मराठीत टाइप करून आजच पाठवते आहे. तुमच्यासोबत चकरा मारणारे बाकीचे ठेवीदार असतील, त्यांच्याही सह्या घ्या. ठेवपावत्यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ पावत्या कुणाला देऊ नका. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्या आणि तिचा फोटो मला पाठवा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून ठेवलाय.

आई, गुडघ्याला शेक घेतेस ना? मंगळवारी रात्री फोन करते. बाबा, रागावला असाल तरी बोला.

तुमची
मनू