पेशावरमध्ये जन्मलेल्यांनी कुठल्या घरी परतायचं?

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकातला पाकिस्तान-अफगाणिस्तानमधल्या तोरखम सीमेवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. अफगाण निर्वासित अखेर आपल्या मातीत परतले, याचा लेखकाला फार आनंद झालेला दिसतो. ट्रकवर गाद्या-भांडी लादून निघालेल्या त्या लोकांतले कितीतरी पेशावर-क्वेट्ट्यातच जन्मले, तिथेच शिकले, तिथेच संसाराला लागले. पाकिस्तानच्या १९५१च्या कायद्यात जन्माने नागरिकत्वाची तरतूद आहे. २०१८मध्ये इम्रान खान यांनी ते द्यायचं जाहीरही केलं होतं. दिलं नाही, आणि २०२३च्या ऑक्टोबरपासून हुसकावणं सुरू झालं. २०२५मध्ये इराणनेही दहा लाखांहून जास्त माणसं परत धाडली. यात आनंद कसला?

आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगी भाड्याने राहायची. पुण्यात एम.ए. करत होती. हजारा या अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्य समाजातली, जन्म क्वेट्ट्याचा, शाळा काबूलची. क्वेट्ट्यात तिला परकी समजत आणि काबूलच्या शाळेत पाकिस्तानी म्हणून चिडवत. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती पडलं आणि आईवडील पुन्हा क्वेट्ट्याला पळाले. त्यानंतर एका कार्यालयात अर्ज भरताना तिने कायमच्या पत्त्याचा रकाना कोरा सोडला. कारकुनाने अर्ज तसाच परत दिला. मी म्हटलं, आमचा पत्ता घाला. भाडेकरूला तो चालत नाही म्हणाला. शेवटी तिने काबूलची जुनी गल्ली लिहिली. तिथे तिचं आता कुणीही राहत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीने मला बोलावून 'तालिबानी लोक' ठेवू नका असं बजावलं. ज्यांच्यामुळे तिचं घर सुटलं, त्यांचंच नाव तिला चिकटवलं! मी तिथे भांडले. मुलगी जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती, याचा मला आजही संताप येतो.

तिकडे अफगाणिस्तानात मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही, डिसेंबर २०२२पासून विद्यापीठंही बंद आहेत. 'आपल्या मातीत' मुलींना काय मिळणार, यावर लेखात एक ओळ नाही. छायाचित्रात मात्र पुढच्या रांगेत मुलीच आहेत.

आणखी एक. माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापून छापलंत, त्यातला मुद्दाच गेला. हेही कापायचं असेल तर माझं वरचं पाकिस्तान-इराण कापा, सोसायटीचा भाग ठेवा. आमच्या इमारतीत तुमचाच पेपर येतो.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे